कुस्तीचा कोणता काळ चांगला?

(नाशिक येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



गावची जत्रा आली की दुपारनंतर कुस्त्यांचा फड भरतो. हलगी वाजू लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. मग नारळावरच्या, मग पैशांच्या. सर्वांत शेवटी मोठी कुस्ती. हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. फडाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसे मात्र कुस्ती कमी बघतात आणि वाद जास्त घालतात. वाद एकच. कुस्तीचा खरा काळ कोणता?

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत मुष्टियुद्धाचे शौकीनही असेच भांडतात. कोणी जो लुईचा काळ थोर म्हणतो, कोणी महंमद अलीचा. तेव्हा आज आम्हीही आमचे मत सांगतो. पटले तर घ्या.

पहिला काळ राजेरजवाड्यांचा. कोल्हापूरच्या गादीवर १८९४ साली शाहू महाराज बसले. त्यांना कुस्तीचा मोठा नाद. त्यांनी पेठापेठांतील तालमींना मदत केली. पैलवानांना खुराक दिला. उत्तरेकडचे नामांकित मल्ल बोलावून आपल्या मल्लांशी त्यांच्या कुस्त्या लावल्या. १९०२ साली महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने गोल मैदान पाहिले आणि तसेच मैदान कोल्हापुरात बांधायचे मनात घेतले, असे सांगतात. ते खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती उतरत्या जागेवर हजारो माणसे. कोठेही बसा, कुस्ती सारखीच दिसते.

त्याच सुमारास पंजाबचा गामा गाजत होता. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को नावाच्या धिप्पाड मल्लाशी त्याची कुस्ती झाली. ती दोन तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भेटले. ह्या वेळी गाम्याने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवले.

काळ मोठा खरा. पण पैलवानाचे सारे राजाच्या मर्जीवर. राजा शौकीन असला तर दूध-तूप, नसला तर उपास. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजांचा आश्रय संपत आला. आता कुस्तीचे कसे होणार, अशी चिंता लोकांना लागली.

त्या चिंतेला उत्तर देणारा माणूस कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. नाव खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १९२६ सालचा. वडील पैलवान. खाशाबा अंगाने लहानखुरे, पण चपळ. ते शाळेत शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातही गेले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा मातीत वाढलेले. तिथे कुस्ती गादीवर, आणि नियम परक्या देशांचे. तरी त्यांचा सहावा नंबर आला.

पुढची स्पर्धा १९५२ साली हेलसिंकीला होती. ते फिनलंड देशातले शहर. निवडीच्या वेळी मद्रासला खाशाबा एका गुणाने मागे पडले. गुण देण्यात आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी पुष्कळ माणसे नशिबाला बोल लावतात आणि घरी बसतात. खाशाबा बसले नाहीत. देशाच्या ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख पतियाळाचे महाराज होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली. खाशाबांनी समोरच्या मल्लाला चीत केले आणि जागा मिळवली.

आता प्रश्न पैशांचा. ह्या वेळी राजाचा आधार नव्हता. खाशाबांनी मदतीसाठी पुष्कळ दारे ठोठावली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका मास्तराने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना कधी विसरता येत नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली. ती खाशाबा हरले. ती संपते न संपते तोच रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावणे आले. दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विसावा द्यावा, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. तरीही त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

खाशाबा परत आले तेव्हा लोकांनी शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचेच ते पदक होते. पुढे ते पोलीस खात्यात गेले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले.

तिसरा काळ गदेचा. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले. दुसऱ्या वर्षी गणपत आंदळकर झाले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. १९६२ साली कवठेपिरानच्या मारुती माने यांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ह्या काळातील कुस्त्या पाहायला माणसे गाड्या जुंपून येत.

चौथा काळ आजचा. माती आहे आणि मॅटही आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती झाली. आपल्या नाशिक जिल्ह्यातर्फे हर्षवर्धन सदगीर उतरला होता. मूळचा तो अकोले तालुक्याचा. समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघे एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतले. २०२३ साली सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. वर्गातील भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

मग आमचा आवडता काळ कोणता? आमचे मत १९५२ च्या बाजूने. पहिले कारण म्हणजे त्या वेळी राजाच्या जागी लोक उभे राहिले. दुसरे कारण तुमच्याआमच्या कामाचे आहे. खाशाबांनी दाद मागितली म्हणून त्यांना हेलसिंकी दिसले. नियम मांडणारे कोणी नव्हते म्हणून त्यांचा अर्ध्या तासाचा हक्क बुडाला. अंगातली ताकद दोन्ही वेळी तीच होती.

आपलेही तसेच आहे. द्राक्षाच्या बागेत, बाजार समितीत, बांधकामावर तुम्ही रोज जोर काढता. ताकदीत तुम्ही कमी नाही. पण मजुरीच्या कागदावर काय लिहिले आहे, रेशनचा नियम काय आहे, सावकाराच्या कागदावर आकडा किती आहे, हे वाचता आले नाही तर जिंकलेली कुस्तीही हातची जाते. आपल्या बाजूचा अधिकारी दर वेळी हजर असेलच असे नाही. तेव्हा तो आपणच व्हावे.

पुढच्या शनिवारी आपण अर्ज कसा लिहावा ते शिकू. पाटी-पेन्सिल नको, वही आणि पेन आणा. अर्जाखाली अंगठा चालणार नाही. सही करायची आहे.