दहा रात्री, तीन शहरे



अमडापुराहून युरोपास निघणाऱ्या मनुष्याचा पहिला दिवस युरोपात मोडत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. गाव चिखली-खामगाव रस्त्यावर. तेथून शेगाव गाठावयाचे, रात्रीच्या आगगाडीने मुंबईस उतरावयाचे, आणि पुढे पॅरिसपर्यंत विमानात नऊ-दहा तास बसावयाचे. परतीचा हिशेबही तसाच. चौदा दिवस हाताशी असले, तरी युरोपच्या भूमीवर निजावयाच्या रात्री दहाच उरतात. सहलीची आखणी या दहा रात्रींपासून सुरू व्हावी. बहुधा ती शहरांच्या यादीपासून सुरू होते.

अशी एक यादी मजपुढे आली ती अमडापुरातील एका ड्रॉइंगमास्तरांची. मास्तर निवृत्त झालेले, मास्तरीणबाईंचे गुडघे दुखरे, आणि निवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम या एका प्रवासासाठी बाजूस काढलेली. पुन्हा जाणे व्हावयाचे नाही, हे दोघांसही ठाऊक होते. पुण्यास नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने मोठ्या हौसेने सात नावे लिहिली होती: लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, झुरिच, व्हेनिस आणि रोम. "एवढे पैसे खर्चून जायचे, तर सगळे पाहून यावे," असे तिचे म्हणणे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. एकदाच जाणाऱ्याची ती रास्त भूक आहे.

तथापि हिशेब करून पाहावा. सात शहरे म्हणजे सहा स्थलांतरे. प्रत्येक स्थलांतरात सामान बांधणे आले, खोली सोडणे आले, स्थानक गाठणे आले, आणि नव्या गावी दुपारी खोली हाती येईपर्यंत थांबणे आले. अंतर थोडे असले तरी अर्धा दिवस जातो. झुरिच-व्हेनिससारखे असले तर जवळजवळ सबंध दिवस. म्हणजे दहांतले चारएक दिवस पेट्या उचलण्यात संपावयाचे. मास्तर शेगावच्या पालखीबरोबर पंढरपुरास पायी जाऊन आलेले आहेत. ती वाट सुमारे महिन्याभराची, आणि मुक्काम कोठे, दुपारचा विसावा कोठे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यांस हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. त्यांनीच पेन्सिल उचलली.

लंडन प्रथम गळले. पॅरिसहून आगगाडीने ते सव्वादोन-अडीच तासांवर आहे हे खरे. परंतु शेंगेन प्रदेशाच्या परवान्यावर तेथे उतरता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा निराळा, त्याची फी निराळी. झुरिच, व्हेनिस व रोम ही वाटेपासून दूर पडत होती. राहता राहिला प्रश्न असा, की उरलेल्यांतून निवड कशाच्या आधारे करावी? माझ्या मते येथे मार्गदर्शिका मिटून ठेवावी आणि जाणाऱ्यास एकच विचारावे: डोळ्यांनी पाहावे असे तुम्हांस आजवर काय वाटत आले आहे? मास्तर म्हणाले, व्हॅन गॉगची सूर्यफुले. वर्गात टाचणीने लावलेल्या हातभर छापील चित्रावरून त्यांनी कित्येक वर्षे मुलांना रंग शिकविले होते.

मग वाट आपोआपच उमटली. १८८९ सालचे ते सूर्यफुलांचे एक चित्र ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्याच चित्रकाराची ऱ्होन नदीवरील रात्र आहे. आणि मध्ये, ब्रुसेल्सहून अर्ध्याएक तासावर, गेंट हे गाव. तेथील सेंट बावो चर्चमध्ये व्हॅन आइक बंधूंचे १४३२ साली पूर्ण झालेले वेदीचित्र आहे. म्हणून ब्रुसेल्सला केवळ गाडी बदलावयाची, आणि मुक्काम गेंटला. पॅरिसला पाच रात्री, गेंटला दोन, ॲम्स्टरडॅमला तीन. विमानाचे तिकीट जाताना पॅरिसचे, येताना ॲम्स्टरडॅमहून. दोन्ही शहरांस मुंबईहून थेट विमाने आहेत, त्यामुळे आल्या वाटेने मागे फिरण्याचा दिवस वाचतो.

रात्रींच्या या वाटणीवर परवान्याचेही काम अवलंबून असते. ज्या देशात अधिक मुक्काम, त्याच्या वकिलातीकडे अर्ज. मुक्काम समसमान असल्यास जेथे प्रथम पाऊल ठेवावयाचे त्या देशाकडे. येथे अर्थात फ्रान्स. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, व निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. आजारपणाचा विमा तीस हजार युरोंहून कमी चालत नाही. बोटांचे ठसे देण्यास मात्र जातीने जावे लागते. अमडापूरकरास तो एक जादा फेरा होय, आणि खर्चाच्या अंदाजात तो धरलेला बरा.

महिना सप्टेंबर ठरला, कारण मास्तरांचे थोडे सोयाबीन आहे आणि सोंगणीपूर्वी परतणे भाग होते. त्या दिवसांत पॅरिसचे घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागे असते. पहिल्या दिवशी म्हणून काहीच ठरवू नये. नदीकाठी बसावे, रात्री आठच्या सुमारास सूर्य मावळेल तो पाहावा आणि निजावे. वारही पाहून ठेवावेत. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी.

मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून विचारून घेण्यास मी सांगितले. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने इतके अरुंद व उभे असतात की त्यांस शिडी म्हणणेच योग्य. तेव्हा खोली घेताना खिडकीतून कालवा दिसतो की नाही, यापेक्षा उद्वाहक आहे की नाही, हे पाहावे. गेंटचे मुख्य स्थानकही जुन्या गावापासून सुमारे दोन किलोमीटर दूर आहे; तेथे पेटी ओढत निघू नये, ट्राम धरावी.

व्हॅन गॉग संग्रहालयात ठरलेल्या वेळेचे तिकीट आगाऊ घेतल्याखेरीज प्रवेश नाही. मास्तरांनी ते ॲम्स्टरडॅममधील दुसऱ्या दिवशी सकाळचे घ्यावयाचे ठरविले आहे. त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी पुढे काहीही लिहिलेले नाही. मुलीने विचारले, "बाबा, दुपारी काय?" ते म्हणाले, "तुझ्या आईला विचार. सकाळ माझी, दुपार तिची." बाईंना नावेत बसावयाचे आहे.