करुणेचा प्रवास आणि मुलांचा हक्क

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेरूळ-अजिंठ्यामुळे या शहराला परदेशी पाहुणा नवा नाही. परंतु लेणी पाहून परतणारा पाहुणा वेगळा आणि 'तुमच्याकडील अनाथ मुलांसाठी महिनाभर काम करावयाचे आहे' असे म्हणत येणारा पाहुणा वेगळा. त्याचप्रमाणे या शहरातील महाविद्यालयांतून शिकून परदेशी जाणारे तरुणही आता तेथील वा तिसऱ्याच एखाद्या देशातील बालसंस्थांत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले आहेत. अशा वेळी कार्यकर्त्याने कोणती भूमिका घ्यावी, हा आजच्या चर्चेचा विषय आहे.

या बाबतीत दोन प्रतिक्रिया सर्रास आढळतात. साहेब आला म्हणून हरखून जाणे ही पहिली. परक्याचा हेतू वाईटच असणार असे गृहीत धरणे ही दुसरी. वरवर या दोन्ही परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांतील चूक एकच आहे. दोन्हींची दृष्टी पाहुण्यावर खिळलेली आहे. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो त्या मुलाकडे कोणी पाहतच नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपासून परिचित आहे. पंडिता रमाबाईंच्या मदतीसाठी १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्ति सदनात आल्या, तेव्हा तेथे काम करण्यासाठी परदेशांतून स्त्रियाही आल्या. त्यांपैकी कित्येकींनी तेथेच आयुष्याची वर्षे घालवली. संस्थेची सूत्रे मात्र रमाबाईंच्या हाती राहिली. या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण मूल दुसऱ्याच्या आश्रयाला गेले म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे, आणि मदतीची रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्यामुळे त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरे उदाहरण १९३४ च्या बिहार भूकंपाचे. प्येर सेरेसोल हे स्विस अभियंते पहिल्या महायुद्धानंतर शांततेच्या चळवळीत पडले. १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त गावी निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वयंसेवक घेऊन त्यांनी पुनर्बांधणीचे पहिले शिबिर भरविले. काल जे एकमेकांचे शत्रू होते त्यांनी एकत्र येऊन माती उपसावी, ही त्यामागील कल्पना. बिहारमध्ये धरणीकंप झाला तेव्हा हेच सेरेसोल मोजके सोबती घेऊन भारतात आले आणि गावे पुन्हा वसविण्याच्या कामात त्यांनी हात घातला. त्यांच्याच संघटनेचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले आणि तेथील बांधकामासाठी राबले. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही समाज भीत असे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

या परंपरेतील स्वयंसेवक कुदळ-फावडे घेऊन आला. काय बांधावयाचे हे त्याने ठरविले नाही. ते स्थानिक माणसांनी ठरविले. भिंत उभी राहिली आणि तो निघून गेला. त्याच्या जाण्याने भिंत काही कोसळली नाही. पण बालसंस्थेत भिंत बांधावयाची नसते. तेथे मुलाला जीव लावावयाचा असतो, आणि लावलेला जीव महिनाभराने काढून घेता येत नाही.

ब्रिटिश मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हे शास्त्रीय भाषेत मांडले: लहान मुलाला एका व्यक्तीचा सातत्याचा, जिव्हाळ्याचा सहवास मिळणे हे त्याच्या मानसिक आरोग्यासाठी आवश्यक असते. खेड्यातल्या कोणत्याही आजीला हे अहवाल न वाचताही ठाऊक आहे. जे मूल एकदा आईबापांपासून दुरावले, त्याला दर महिन्याला नवी ताई, नवा दादा द्यावयाचा आणि रुळले की तो काढून न्यावयाचा, याला सेवा कसे म्हणावे? आल्या-गेल्या कोणाच्याही गळ्यात पडणारे मूल पाहून पाहुणा सुखावतो; वस्तुतः ते गळ्यात पडणे हीच त्या मुलाची जखम असते.

यावर कोणी म्हणेल, हेतू चांगला असेल तर एवढा काथ्याकूट कशाला? काथ्याकूट अशासाठी की, चांगल्या हेतूचाही बाजार मांडता येतो आणि तो मांडला गेला आहे. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत बालगृहांची संख्या झपाट्याने वाढली. तेथील संस्थांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने दाखवून दिले. मुले अनाथ होती म्हणून संस्था निघाल्या नाहीत; पैसे देणारे पाहुणे येत होते म्हणून संस्था निघाल्या, आणि त्या भरण्यासाठी गरिबांची मुले आणली गेली. नेपाळात एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मुलांना आईबापांवाचून जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या आपल्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात विचार केला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालगृहांतील स्वयंसेवा आणि पर्यटन यांतून होणाऱ्या शोषणाविरुद्ध ठराव केला. मागणी असेल तसा पुरवठा होतो, हा बाजाराचा नियम आहे. अनाथ मुलांनाही तो लागू व्हावा, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

आता मराठवाड्याकडे वळू या. येथील 'निराधार' मूल म्हणजे नेमके कोण? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. म्हणजे हिशोबाच्या वहीत माणसांचीही नावे उरत नाहीत, हत्यार तेवढे उरते. पाच-सहा महिने ती जोडी उसाच्या फडात असते. मुले बरोबर गेली तर कोपीपुढे धाकट्या भावंडाला सांभाळतात, वाढे गोळा करतात आणि शाळेच्या हजेरीपटावरून हळूहळू पुसली जातात. गावी राहिली तर थकलेल्या आजी-आजोबांच्या गळ्यात पडतात. या मुलांना आईबाप आहेत. नाही ते गावात काम. हे मूल अनाथ नाही. पाण्याच्या असमान वाटपाने, कोरडवाहू शेतीच्या उपेक्षेने आणि उचलीच्या कर्जाने त्याला वर्षातले सहा महिने अनाथ केले आहे.

म्हणून या मुलासाठीचा पहिला उपाय दयेचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. आईबाप फडावर असताना मुलाला गावातच राहता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्यास राज्य शासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. एक पालक वा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला नातलगांच्या घरीच वाढता यावे, यासाठी बालसंगोपन योजना आहे. तिची मासिक रक्कम २०२३ मध्ये ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आली. म्हणजे वर्षाचे २७,००० रुपये. महिनाभराच्या सेवेसाठी युरोपातून येणाऱ्या पाहुण्याचे विमानाचे जाण्यायेण्याचे भाडेच बहुधा याहून अधिक होते. एवढ्या रकमेत एक मूल वर्षभर आपल्या आजीजवळ राहू शकते. पण आजीच्या घरी पाहुण्याला छायाचित्र काढावयास मिळत नाही, आणि संस्थेच्या पत्रकावर आजीचे नाव छापले जात नाही!

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, असे तो कायदा स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक बालसंस्थेची नोंदणी त्याने सक्तीची केली आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे. देणगीदारांना दाखविण्यासाठी मुलांच्या रांगा उभ्या करणाऱ्यांना या कलमाची आठवण करून देणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

संस्था नकोतच, असा याचा अर्थ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गेली, तेव्हा कित्येक मुलांना घर उरले नाही आणि घरचे माणूसही उरले नाही. त्या वेळी समाजवादी कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे 'आपलं घर' उभे केले. भूकंपाची बातमी जुनी झाली आणि बाहेरच्या मदतीचा ओघ आटला, तेव्हाही तेथली चूल पेटत राहिली. बाहेरची मदत त्याज्य नाही. पण राहणारी माणसे असतील तरच तिचा उपयोग होतो.

याच शहरात १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. खेड्यापाड्यांतून, दलित वस्त्यांतून आलेली मुले नागसेनवनातील वसतिगृहांत राहून शिकली. बाबासाहेब स्वतः शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले होते. परत येऊन त्यांनी मुलांना शाळा-महाविद्यालयाची दारे उघडून दिली. कोणाच्या दयेचा विषय केले नाही. दया घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, हक्क मागणारा मान वर करून मागतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. समाजवादी माणूस जगाच्या बंधुत्वाची भाषा बोलतो. साने गुरुजींच्या आंतरभारतीचे स्वप्न तो सांगतो. मग सीमेपलीकडून आलेला हात त्याने झिडकारावा काय? मुळीच नाही. बंधुत्व मात्र दोन्ही बाजूंनी असावे लागते. एकाने सदैव द्यावयाचे आणि दुसऱ्याने सदैव घ्यावयाचे, यास बंधुत्व म्हणत नाहीत. जर्मनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील तरुणांना अन्य खंडांतील देशांत काम करण्यासाठी पाठविणारी सरकारी साहाय्याची योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिचा कालावधी निदान सहा महिन्यांचा आहे. 'आमचेच तरुण तिकडे का जावेत, तिकडचे इकडे का येऊ नयेत?' हा प्रश्न उपस्थित झाला आणि २०१३ पासून त्या देशांतील तरुणांनाही जर्मनीत स्वयंसेवक म्हणून येण्याची वाट खुली झाली. त्या योजनेत उणिवा नसतील असे नव्हे. तथापि, मराठवाड्यातला तरुण जर्मन वृद्धाची शुश्रूषा करतो आणि जर्मन तरुण येथील शाळेत राबतो, तेव्हा दाता आणि याचक हे नाते मोडू लागते.

तेव्हा कार्यकर्त्याने काही प्रश्न मनाशी पक्के करावेत आणि ते येणाऱ्याला व जाणाऱ्याला सारखेच विचारावेत. काम कोणी मागितले आहे, तेथील माणसांनी की पाठविणाऱ्या कंपनीने? स्वयंसेवकाने भरलेल्या पैशांपैकी संस्थेपर्यंत किती पोहोचतात? संस्थेची नोंदणी आहे काय, बालकल्याण समितीला तिची माहिती आहे काय? येणाऱ्याची पूर्वचौकशी झाली आहे काय? त्याला मुलांची भाषा येते काय? जे काम तो करणार ते येथील एखादी शिकलेली बेकार तरुणी पगारावर करू शकली नसती काय? आणि शेवटचा प्रश्न: या संस्थेतील मुले घरी परत जावीत म्हणून कोणी प्रयत्न करीत आहे काय? ज्या बालगृहातील मुलांची संख्या कमी होण्यात संचालकांना आनंद वाटतो ते बालगृह चांगले, अशी साधी कसोटी लावता येईल.

एवढ्या प्रश्नांतून जो पार पडेल त्याचे स्वागत मनापासून करावे. त्याला लहान मुलांच्या खोलीत न नेता शिक्षकांकडे, परिचारिकांकडे, हिशोबनिसाकडे न्यावे. त्याचे कौशल्य त्यांना द्यावयास सांगावे. एखादा दिवस त्याला उसाच्या फडावरही न्यावे. त्याच्या देशात पोहोचणारी साखर कोणाच्या बालपणातून निघते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि परत जाऊन आपल्या लोकांना सांगितले, तर महिनाभर मुलांना खेळविण्याहून ती सेवा मोठी ठरेल.

कार्यकर्त्याच्या वाट्याचे काम मात्र दुसरा कोणी करणार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगाव जाऊन कोणते मूल फडावर जाणार याची यादी करणे, शाळेकडून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर पाठविणे, विधवेच्या मुलाचा बालसंगोपनाचा अर्ज भरून देणे आणि तो अडला तर कार्यालयाच्या दारात बसणे, या कामाला पारपत्र लागत नाही. त्याला चिकाटी लागते. मंजूर झालेले वसतिगृह कागदावरून गावात उतरेपर्यंत जो कार्यकर्ता स्वस्थ बसत नाही, त्याच्या तालुक्यातील मुलांना अनाथ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.