शिलाई मशीनवरून नाव पडलेला बँड

दुपारची भांडी आटोपली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी मशीनवर बसली असेल. आजची गोष्ट मशीनवरच सुरू होते, म्हणून मशीनवालीनं जरा जास्त कान द्यावा.

विजेच्या जुन्या उपकरणांवर एसी आणि डीसी अशी अक्षरं असायची. घरातल्या बोर्डातून येते ती एसी वीज, बॅटरीतून येते ती डीसी. 1973 साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात माल्कम यंग आणि अँगस यंग हे दोन भाऊ गाण्याचा बँड काढत होते. कुटुंब मूळचं स्कॉटलंडचं, ग्लासगोचं, दहा वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी तिकडं गेलेलं. बँडला नाव सुचत नव्हतं. त्यांच्या मोठ्या बहिणीला, मार्गारेटला, शिलाई मशीनवर ही अक्षरं दिसली. ती म्हणाली, हेच ठेवा. झालं, बँडचं नाव पडलं एसी/डीसी. धाकट्या अँगसनं शाळेचा गणवेश घालून गिटार वाजवावी, हेही तिनंच सुचवलं. साठी उलटली तरी तो अर्धी चड्डी घालूनच स्टेजवर येतो! बहिणीचा शब्द असा पाळणारे भाऊ कमीच.

हे सगळं आम्हाला आपल्या रेडिओवरच्या मशीन सांभाळणाऱ्या पोरानं सांगितलं. आम्ही शिवणकामाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला आलो होतो. आम्ही हसलो, तर त्यानं त्यांचा एक अल्बमच लावला. ‘बॅक इन ब्लॅक’, 1980 सालचा. पहिल्यांदा ऐकताना आम्ही एकमेकींकडं बघितलं. काय हा धांगडधिंगा, आणि हा गडी गातोय की ओरडतोय? मग त्यानं त्या अल्बमामागची हकीकत सांगितली आणि आम्हीच म्हटलं, बाबा, पुन्हा लाव. त्या दिवशी तीनदा ऐकला. का, ते शेवटी कळेल.

या बँडचा मुख्य गायक होता बॉन स्कॉट. अंगात रग, आवाजात मिश्किली, लोक त्याच्यावर जीव टाकायचे. 1979 च्या त्यांच्या अल्बमानं अमेरिकेतही नाव झालं. बरे दिवस दारात उभे होते. आणि 19 फेब्रुवारी 1980 ला लंडनमध्ये बॉन गेला. रात्रभर दारू प्यायला, गाडीतच झोपला, गाडीतच मेला. वय 33. गाव वेगळं, देश वेगळा, पण मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींना नवी आहे?

ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल इथं त्याचा अंत्यविधी झाला. भाऊ खचले होते, बँड बंद करावा असं त्यांच्या मनात आलं होतं. तेव्हा बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना सांगितलं, थांबू नका, दुसरा गायक शोधा. पोटचा पोर गेलेला असताना त्याची जागा दुसऱ्याला द्या असं म्हणायचं. आम्ही यावर खूप वेळ बोललो.

नवा गायक सापडला ब्रायन जॉन्सन. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, खाणकामगाराचा मुलगा. त्याचाही पूर्वी एक बँड होता, तो बसला. संसार विस्कटलेला, आईवडिलांच्या घरी परत आलेला, मोटारींच्या टपावरचं आच्छादन बसवून देण्याचा धंदा करायचा. लंडनला आवाजाची परीक्षा द्यायला बोलावलं, तर जावं की नको असं चाललेलं. त्याच फेरीत व्हॅक्यूम क्लिनरच्या जाहिरातीचं गाणं म्हणायचं काम मिळालं, म्हणून प्रवास परवडला. तिथं पोचला तो खालीच कामगार पोरांबरोबर खेळत बसला, आणि वर सगळे त्याची वाट बघत.

परीक्षेत त्यानं कुठलं गाणं निवडलं? टीना टर्नरचं ‘नटबुश सिटी लिमिट्स’. नटबुश हे टीनाचं स्वतःचं गाव, अमेरिकेतलं, छोटंसं, आणि ते गाणं तिनं स्वतः लिहिलेलं. म्हणजे बहिणीनं नाव दिलेल्या बँडमध्ये हा गडी एका बाईनं आपल्या गावावर लिहिलेलं गाणं म्हणून शिरला. पुस्तकांमध्ये ही गोष्ट फक्त पुरुषांची म्हणून सांगतात, ते असो.

आणखी एक हकीकत अँगस सांगतो. काही वर्षांपूर्वी बॉननं ब्रायनला एका कार्यक्रमात बघितलं होतं. ब्रायन गाता गाता जमिनीवर लोळला, किंचाळला. बॉन येऊन आपल्या मित्रांना म्हणाला, काय जबरदस्त गायक बघितला! खरं तर त्या रात्री ब्रायनचं अपेंडिक्स दुखत होतं. वेदनेनं ओरडत होता बिचारा.

बॉन गेल्यावर दीड महिन्याच्या आसपास ब्रायन बँडमध्ये आला. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, इतक्या लवकर? वर्षही सरलं नाही. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण त्या माणसांचा दुखवटा कामातच होता, असं नंतर वाटायला लागलं.

एप्रिल आणि मे महिन्यात सगळे बहामा बेटांवरच्या नासाऊला ध्वनिमुद्रण करायला गेले. तिथं वादळं, वीज जायची, सामान कस्टममध्ये अडकलेलं. चाली भावांच्या, शब्द लिहायचे ब्रायननं. कालपर्यंत मोटारीच्या टपावर काम करणारा माणूस आणि समोर कोरा कागद. एका गाण्यापाशी तो अडला. बाहेर आभाळ गडगडत होतं. निर्माता मट लँग म्हणाला, ह्या गडगडाटावरच लिही की. त्यानं तेच लिहिलं.

शीर्षकगीत बॉनसाठी होतं. भावांची अट एवढीच की रडगाणं नको. तो जसा होता तसं, दणक्यात. आणि ब्रायनला कुणी बॉनसारखं गा म्हणालं नाही. आम्ही मग मुद्दाम बॉनचं एक जुनं गाणंही लावायला सांगितलं. बॉन गाताना गोष्ट सांगतो, डोळा मारल्यासारखा. ब्रायनचा आवाज उंच आणि खरखरीत, पत्र्यावर पत्रा घासावा तसा. दोघांत काही साम्य नाही.

अल्बमाची सुरुवात घंटेनं होते. गाणं नाही, बाजा नाही, नुसती संथ घंटा. ख्रिस्ती गावांत माणूस गेला की चर्चची घंटा अशी संथ वाजते. ही घंटा मिळवायला मोठा खटाटोप झाला. इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या स्मारकाच्या मनोऱ्यात घंटा आहेत, तिथं यंत्र लावलं. टोल पडला की मनोऱ्यातली पाखरं फडफडत उडायची आणि ध्वनिमुद्रणात फडफडच यायची. शेवटी त्याच गावच्या ओतशाळेत बँडसाठी टनभर वजनाची घंटा तयार होत होती, तिचाच आवाज घेतला. घंटा कशाची? काशाची, म्हणजे तांबं आणि कथील. कथील लक्षात ठेवा, पुढं लागेल.

वेष्टन सगळं काळं. चित्र नाही, फोटो नाही. तिकडं काळा रंग दुखवट्याचा. आपण संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो, त्यामुळं आपल्याला ते एकदम उमगत नाही. कंपनी कुरकुरली, म्हणून नावाच्या अक्षरांभोवती राखी रेघ तेवढी काढली. 25 जुलै 1980 ला अल्बम बाहेर आला, बॉनला जाऊन पाच महिने झाले होते. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपणारी. जगभर पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या असं मानतात.

आम्ही ऐकला तो 2003 सालचा रिमास्टर केलेला अल्बम. हा शब्द आम्हालाही माहीत नव्हता. पोरानं समजावलं ते असं: नव्यानं कुणी गात नाही, वाजवत नाही. मूळ टेप घ्यायची, तिच्यावरची खरखर काढायची, कुठला आवाज दबला असेल तर वर आणायचा. आजी लगेच म्हणाल्या, म्हणजे कल्हई. भांडं तेच, कथलाचा हात फिरवला. आम्हाला याहून चांगलं सांगता आलं नसतं. काही जुने शौकीन तक्रार करतात की हल्लीच्या अशा कल्हईत सगळंच मोठ्यानं वाजतं, हळू आणि जोरात यातला फरक उरत नाही. असेलही, पण आमचा कान तेवढा तयार नाही.

कानाला इअरफोन लावून ऐकलं तेव्हा मात्र एक गंमत कळली. एका कानात एक गिटार, दुसऱ्या कानात दुसरी. अँगसची गिटार नाचते, उड्या मारते, ती सगळ्यांना ऐकू येते. दुसरी माल्कमची. ती पुढं येत नाही, पण ठेका सोडत नाही. माल्कम स्टेजवरही मागं ढोलांजवळ उभा राहायचा. तिकडं लक्ष दिलं तेव्हा वाटलं, गायक गेला तरी बँड का टिकला ते इथं आहे. 2017 साली माल्कमही गेला, आधी काही वर्षं त्याला विसराळूपणाचा आजार झाला होता. त्याच्या जागी पुतण्या स्टीवी आला. ब्रायनलाही 2016 मध्ये कानाच्या त्रासामुळं थांबावं लागलं, दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम दुसऱ्याच गायकानं केले. 2020 च्या अल्बमात ब्रायन परत आला.

सगळंच गोड मानून घेणार नाही. शब्दांचा अर्थ विचारून घेतला तर दोन-तीन गाण्यांत बाई म्हणजे बाजारातला माल, दुसरं काही नाही. आणि एक गाणं चक्क दारू पिण्याचं. ज्यांचा गडी दारूनं गेला, त्यांनी पाच महिन्यांत तेच गाणं अल्बमात घालावं? पोर म्हणाला, त्यांची रीतच तशी. आम्ही म्हटलं, असू दे, आम्हाला खटकलं ते खटकलं. ती गाणी आम्ही पुढं ढकलली.

आता आमची गोष्ट. आमच्या गटांपैकी एका गटाच्या अध्यक्ष काकू गेल्या श्रावणात हृदयविकारानं गेल्या. नऊ वर्षं त्यांनी गट चालवला. अकरा जणींचा गट, हप्ता कधी चुकला नाही. काकूंचा दरारा असा की उशीर झाला की पायरीवरूनच आवाज यायचा. बँक खातं अध्यक्ष आणि सचिवाच्या सहीवर. काकू गेल्या आणि खातं अडलं. गटाचा ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या सहीचे कागद, यात दोन महिने गेले. पेरणीचं कर्ज मागायला आलेली बाई हात हलवत परत गेली.

नवीन अध्यक्ष निवडली ती एकोणतीस वर्षांची, शिवणकाम करणारी, शांत. आणि इथं आम्ही समन्वयकांनी चूक केली. आम्ही तिला सांगितलं, काकू करायच्या तस्संच कर, म्हणजे बायका ऐकतील. तिनं केलं. पायरीवरून ओरडली. काकूंचं ओरडणं बायकांनी नऊ वर्षं मायेनं ऐकलं होतं, हिचं एक दिवस ऐकून घेतलं नाही. ‘काकूंची सर येणार आहे का?’ सुरू झालं. हजेरी अकरावरून पाचवर आली. पोरीनं आमच्यासमोर डोळ्याला पदर लावला, मला सोडवा म्हणाली.

हे असं चालू असताना आम्ही तो अल्बम ऐकला. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर सांगितलं की तो सल्ला आमचा होता, चुकीचा होता. आणि बॉन, ब्रायन, घंटा, सगळी हकीकत सांगितली. ऐकायला काकूंची सूनही आली होती, गटात नसताना. बॉनच्या आईवडिलांचं ऐकल्यावर ती उठून घरी गेली. आम्हाला वाटलं, दुखावली. ती परत आली ती काकूंची कापडी पिशवी घेऊन, जिच्यात त्या हजेरी वही आणि ठराव वही ठेवायच्या. श्रावणापासून ती त्यांच्या घरातच खुंटीला होती, मागायचा कुणाला धीर झाला नव्हता. तिनं ती नव्या अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, ‘सासूबाईंची शिलाई उसवलीय, तेवढी घालून घ्या.’

आता ती ओरडत नाही. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी फोनवर प्रत्येकीला आवाजी निरोप पाठवते. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, ते तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावते. काकूंना हे कधी आवडलं नसतं, त्या म्हणायच्या घरची गोष्ट भिंतीवर कशाला. गेल्या बैठकीला नऊ जणी होत्या. दोघी अजून येत नाहीत. त्यातली एक काकूंची सख्खी मैत्रीण आहे, तिच्याकडं आम्ही या आठवड्यात जाणार आहोत, बैठकीचं काही न बोलता, नुसतं बसायला.

आजींनी मात्र पोराला सांगून ठेवलंय, ‘ती घंटा तेवढी लाव, बाकीचा दंगा राहू दे.’ तर मैत्रिणींनो, आजींच्या फर्माइशीवरून घंटा ऐका. पुढच्या मंगळवारी भेटू, सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरी कशी तपासायची ते सांगायला.