कारखान्यातील बदल : कोणाला कसा दिसतो?



आमचे शिक्षण बहुतेक कारखान्यांच्या दारावरच्या सभांत झाले. तेव्हा विद्वानांच्या भाषेत बोलणे आम्हांस जमणार नाही. विषय मात्र आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. नवी पद्धत आली आणि कामगारांनी विरोध केला, की लगेच म्हटले जाते, कामगार अडाणी, त्याला बदल नकोच असतो. हे निदान चुकीचे आहे.

१९२८ सालच्या मुंबईकडे पाहा. परदेशी कापडाच्या स्पर्धेने गांजलेल्या गिरणीमालकांनी ‘कार्यक्षमते’ची योजना आणली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, रिंग खात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन सांभाळाव्यात. मालकाला त्यात धंदा तगवण्याचा उपाय दिसला.

विणकराला काय दिसले? त्याची मजुरी विणलेल्या मालावर. तीन साच्यांवर कमाई वाढेल, असे कागद सांगे. पण सूत कच्चे निघाले की दोरा तुटे, साचा थांबे; कापड बिघडले तर भुर्दंड त्याच्याच पगारावर. शिवाय तिघांचे सहा साचे दोघांनी चालवले, की तिसरा घरी बसणार, एवढे गणित त्याला येत होते. जॉबराला आपल्या हाताखालची माणसे घटताना दिसली. रोज सकाळी दाराशी ताटकळणाऱ्या बदली कामगाराला ते दारच बंद होताना दिसले.

आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराला? साचेखात्यात मजुरी बरी, पण तेथे त्याला प्रवेशच नव्हता. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, तो बाटेल ही सबब. त्याच्या वाट्याला रिंग खात्यासारखी कमी मजुरीची कामे. मग साचेखात्याची जुनी घडी टिकावी, असे त्याला का वाटावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न त्या संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सुमारे दीड लाख कामगारांचा तो संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. मागणीपत्र एक होते. त्यामागची दुःखे एक नव्हती.

यातून आम्ही असे समजतो की, कामगाराचा विरोध बहुधा यंत्राला नसतो. यंत्राचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, याविषयीच्या अनुभवातून तो येतो. आणि तो अनुभव खात्याखात्यांत वेगळा असतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने सुधारित पद्धतीसाठी ज्या अटी मान्य केल्या, त्या म्हणूनच मोलाच्या. असलेल्या कामगारांची कपात नको, त्यांच्या कमाईत घट नको. लाभाची वाटणी न्याय्य व्हावी. कामाचा बोजा उभयपक्षांना मान्य तज्ज्ञांनी ठरवावा.

पण लाभाची वाटणी करताना पंगतीत कोण बसले आहे, हे आधी पाहावे लागते. आज कचेरीत संगणकाची नवी पद्धत येते. कायम कारकुनाला बदलीची धास्ती असते, तरुणाला बढतीची आशा असते, आणि कंत्राटी कामगाराला कोणी विचारतच नाही. व्यवस्थापक नोटीस लावतो व काम झाले असे समजतो. युनियननेही केवळ कायम सभासदांची सभा घेऊन ‘कामगारांचे मत’ जाहीर केले, तर दोघांत फरक तो काय?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बदल करणाऱ्याने आणि त्याला विरोध करणाऱ्यानेही प्रथम शेवटच्या माणसाकडे जावे आणि विचारावे : “बाबा, तुला यात काय दिसते?” उत्तर गैरसोयीचे असेल, पण ते ऐकल्यावाचून घातलेली घडी टिकत नाही.