लिंक उघडत नाहीये, सर!

नेहमी आपण एखादं ॲप नाहीतर एखादा नवा फोन घेऊन गप्पा मारतो. आज तसं नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. ती मी शिकवताना केली, आणि तिची भरपाई पूर्ण झालेली नाहीये.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, हे तुम्हाला माहीत आहेच. पत्रकारितेशी माझा संबंध म्हणजे सकाळचा पेपर, तोही मोबाईलवर. पण माझी मावसबहीण पुण्यात पत्रकारिता शिकवते. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, तुला वेबसाइट बनवता येते ना? मग माझ्या मुलांना मल्टिमीडिया शिकव. दर शनिवारी दोन तास. मानधन फार नाही, चहा मात्र मिळेल." मी म्हटलं, "ताई, मला बातमी लिहिता येत नाही." ती म्हणाली, "ते मी शिकवते. तू बाकीचं बघ."

हे 'बाकीचं' म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी प्रोजेक्टरवर 'स्नो फॉल' दाखवली. न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर २०१२ मध्ये केलेली स्टोरी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीक इथे हिमकडा कोसळला आणि तीन जण गेले, त्याची गोष्ट. तुम्ही स्क्रोल करता, बर्फ हलतो, डोंगराचा नकाशा फिरतो, वाचलेली माणसं व्हिडिओत बोलतात. लिहिणारे जॉन ब्रँच, त्यांना २०१३ चं पुलित्झर मिळालं. वर्ग एकदम गप्प. मग मागून आवाज आला, "भारी!" मी पण जोशात. म्हटलं, आपणही असं करू.

आता त्या पेपरकडे स्वतःचे डिझायनर, स्वतःचे इंजिनिअर. आमच्याकडे मी एकटा, तोही शनिवारी. मग मी एक फुकटचं ऑनलाइन टूल शोधलं. फोटो ओढून टाका, मागे व्हिडिओ लावा, वर मजकूर सरकवा, झालं. चार शनिवार मी फक्त ते टूल शिकवलं. कुठलं बटण कुठे, एवढंच.

चार जणांचा एक गट कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेला. पुण्यातल्यांना माहीत असेल. पेशव्यांच्या काळापासून तांब्याची भांडी घडवणारी आळी. बंब, घंगाळ, हंडे. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीनं जवळजवळ ठोके मारतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं भांड्याला चकाकी येते आणि पत्रा कणखर होतो. तिथे एक वयस्कर काका भेटले. मुलांनी त्यांच्याकडे तीन दिवस काढले. फोटो, व्हिडिओ, आणि जवळजवळ वीस मिनिटं नुसता ठोक्यांचा आवाज. वर्गात तो लावला तेव्हा ताई डोळे मिटून बसली होती.

स्टोरी छान झाली. मुलं ती काकांना दाखवायला गेली. त्यांच्या फोनवर पान उघडेना. चाळीस एमबीचं पान आणि फोन जुना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. काका म्हणाले, "मग मला कधी बघायला मिळणार?" मुलं म्हणाली, "सरांना सांगतो, ते करतील काहीतरी." मला सांगितलंही. मी म्हटलं, बघू. आणि बघितलं नाही.

वर्षभरानं त्या गटातल्या एका मुलीचा मेसेज आला. तिचा दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू होता. "लिंक उघडत नाहीये, सर!"

त्या टूलवाल्या कंपनीनं फुकटची सेवा बंद केली होती आणि जुनी पानं काढून टाकली होती. तसा मेलही पाठवला होता. पण अकाउंट वर्गासाठी म्हणून एका नव्या मेलवर काढलेलं, आणि परीक्षा झाल्यावर तो मेल कोणी उघडलाच नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, मूळ फाइल्स काढा, पुन्हा बनवू. तर मूळ फाइल्स नव्हत्याच. फोनचं स्टोरेज भरलं म्हणून डिलीट केल्या. "सर, वर चढवल्या होत्या ना, मग कशाला ठेवायच्या?" त्यांचं काय चुकलं? 'मूळ फाइल जपा' हे वाक्य चार शनिवारांत मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

मग मी आणि ती मुलगी आळीत गेलो. काका होते. पण खांदा गेला होता त्यांचा. डॉक्टरांनी हातोडी बंद करायला सांगितली होती. आता ते दुकानात बसतात, गिऱ्हाईक बघतात. म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग करू म्हटलं, तरी त्या हाताचे ठोके आता मिळणार नव्हते.

त्या दिवशी घरी येताना मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली. मी धंद्यानं इंजिनिअर. सर्व्हर बंद पडतो, कंपन्या मरतात, फॉरमॅट जुने होतात, हे मला रोज दिसतं. ऑफिसात आम्ही कोडचा बॅकअप तीन ठिकाणी ठेवतो. आणि मुलांना मात्र मी एक टूल दिलं, जणू ते कायमचंच आहे.

जरा मागे जाऊन बघा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं. म्हणूनच आपण त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो. त्या काळी छापलेला कागद नीट जपला असेल, तर तो वाचायला काय लागतं? उजेड आणि डोळे. आता इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात या. तेव्हाच्या मराठी वेबसाइट्स आपापल्या फॉन्टवर चालायच्या. तो फॉन्ट तुमच्या कंप्युटरवर नसेल तर 'महाराष्ट्र' लिहिलेल्या जागी चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ते आपल्या वापरात यायला बरीच वर्षं गेली. मधल्या काळातला कितीतरी मजकूर आजही कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून आहे, आणि उघडला तर वाचता येत नाही.

मग फ्लॅश. तुमच्यातल्या काहींनी लहानपणी फ्लॅशवरचे गेम खेळले असतील. बातम्यांच्या जगातही हलते नकाशे आणि ग्राफिक्स त्याच्यावरच बनायचे. २००७ मध्ये आयफोन आला, त्यात फ्लॅश चालत नव्हतं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचा सपोर्टच बंद केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या माध्यमांनी बनवलेली काही इंटरॅक्टिव्ह पानं त्यात गेली. इतक्या मोठ्या संस्थांचं हे झालं, तिथे आमच्या फुकटच्या टूलचं काय!

आता उलट उदाहरण सांगतो. ते आपल्याच मातीतलं आहे. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून हे काम उभं केलं. सहकाऱ्यांना घेऊन गावोगावी जाऊन बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या, पुढे टेपवर रेकॉर्ड केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. तोवर पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. जातं थांबलं की दळताना गायचं कारणही संपतं. नंतर टेप मागे पडल्या, तेव्हा त्यांचं डिजिटल रूप केलं गेलं. आज 'पारी'वर, म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर, त्या ओव्या ऐकता येतात. सोबत ओवीचे शब्द, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, रेकॉर्डिंगची तारीख, फोटो.

आता बघा, टेप गेली, पुढे कधीतरी वेबसाइटचं तंत्रही बदलेल. तरी ओव्या राहतील, असं मला का वाटतं? कारण मूळ रेकॉर्डिंग जपलंय, आणि कोण, कुठे, कधी हे सोबत लिहिलंय. एवढं असेल तर कुठल्याही नव्या यंत्रावर ती गोष्ट पुन्हा मांडता येते. आमच्या मुलांकडे यातलं काहीच नव्हतं. होती फक्त एक सुंदर लिंक.

म्हणून या वर्षी मी शिकवणं बदललं. पहिले दोन शनिवार कुठलंही टूल नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न: या गोष्टीतलं काय वाचायचं आहे, काय बघायचं आहे आणि काय ऐकायचं आहे? तांबट आळीचंच उदाहरण घेऊ. आळीचा इतिहास, तांब्याचा भाव, पुढची पिढी या कामात का येत नाही, हे लिहावं लागतं. मठारलेल्या घंगाळाची चमक फोटोत येते. सपाट पत्र्याचं भांडं कसं होतं, ते व्हिडिओशिवाय कळत नाही. आणि ठोका? त्याचं कितीही वर्णन करा, तो ऐकावाच लागतो. हे ठरलं की मग टूल. आणि एकच माध्यम पुरत असेल तर एकच वापरा, त्याचे मार्क कापले जात नाहीत.

दुसऱ्या शनिवारी फाइल्स. मुलांना कंटाळा येतो, तरी करून घेतो. मूळ फाइल दोन ठिकाणी, फोन सोडून. फाइलच्या नावात तारीख, जागा, माणूस. सोबत युनिकोडमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: हे कोणी, कुठे, कधी रेकॉर्ड केलं, यात काय ऐकू येतं, परवानगी कोणी दिली. व्हॉट्सॲपवर मूळ फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि आत असलेली तारीख-वेळ निघून जाते. जागेचा हिशोब पण सांगतो. दाबलेला नसलेला स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण दहा एमबी खातो, साधा एमपी-थ्री एक एमबी. मोठी फाइल जपायला, छोटी लोकांना ऐकवायला.

आणि शेवटची अट. वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पान उघडलं नाही, तर काम पूर्ण झालेलं नाही. शिवाय ज्याची गोष्ट आहे, त्या माणसाच्या हातात ती पोचवायची. प्रेझेंटेशनच्या आधी.

आता राहिली काकांची गोष्ट. वीस मिनिटं गेली ती गेलीच. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधता शोधता चाळीस सेकंदांची एक क्लिप सापडली. गटातल्या सगळ्यात टवाळ मुलानं, काम चालू असताना 'कान गेले माझे' असं लिहून टाकलेली. दाबलेला आवाज, मधेच त्याचं हसणं. पण ठोके आहेत.

ती घेऊन आम्ही काकांकडे गेलो. फोन कानाला लावून त्यांनी ती तीनदा ऐकली. मग म्हणाले, "यात दोघं आहेत. जलद वाजतंय ते शेजारच्याचं. माझा हात संथ."

आम्ही कोणालाच ते माहीत नव्हतं. त्या मुलीनं तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं: संथ ठोका काकांचा, जलद ठोका शेजारच्या दुकानातला. ती ओळ आता त्या फाइलसोबत आहे, दोन ठिकाणी. क्लिप काकांच्या फोनवरही आहे, आणि ती एक एमबीपेक्षा कमी आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या कोणाचा तरी आवाज रेकॉर्ड केलेला असेल तुमच्याकडे. आजीची एखादी आठवण, आजोबांचा एखादा किस्सा. तो शोधा, फोनबाहेर एक कॉपी ठेवा, आणि कोण बोलतंय, कधी, कुठे, ते लिहून ठेवा. त्यांना ऐकवा पण. कदाचित तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी ते सांगतील. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.