तुकोजीराव कोणते?



मोहनखेड्यात बोलायचं तर आधी जैन आचार्य राजेंद्रसूरींना वंदन. जन्मनाव रत्नराज, दीक्षेनंतर रत्नविजय, पुढे आचार्य राजेंद्रसूरी. कोणत्या नावानं कोणतं नातं सुरू झालं, हे त्यांचे शिष्य अचूक सांगतात. आपल्या संस्थानिकांच्या बाबतीत मात्र आपण ही काळजी घेत नाही. आज माझी तक्रार तीच आहे.

पवार माळव्यात कसे आले, देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती कशी झाली, हे तुम्हाला पाठ आहे. काळोजी पवारांचे मुलगे तुकोजी आणि जिवाजी यांच्यापासून या दोन शाखा झाल्या, एवढं म्हणून पुढे जातो.

आता मोजा. देवासच्या थोरल्या पातीत तुकोजीराव तीन, शेजारी इंदूरला होळकरांकडेही तीन. (हशा) हसा, पण गोंधळ इथेच होतो. अहिल्याबाईंच्या फौजेचे सेनापती तुकोजी होळकर वेगळे. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज देणारे दुसरे तुकोजीराव होळकर वेगळे. आणि तिसरे तर दोन्ही गाद्यांवर एकाच काळात! देवासचे १८८८ साली जन्मलेले, इंदूरचे १८९० साली.

मला नेहमी विचारतात, ‘बावला प्रकरणातले ते देवासचे ना?’ नाही हो! जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्यांच्या मोटारीतली मुमताज बेगम इंदूर दरबारातून निघून आलेली होती. संशय दरबारापर्यंत गेला. चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. न्यायालयात त्यांच्यावर काही शाबीत झालं नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

देवासचे तुकोजीराव म्हणजे राजर्षी शाहूंचे जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचे खासगी चिटणीस होते. देवासच्या टेकडीचं नाव घेऊन ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक फॉर्स्टर यांनी १९५३ मध्ये काढलं. त्यात महाराज ‘बापूसाहेब’ आहेत. दरबारातली गोकुळाष्टमी, कीर्तनात देहभान विसरणारा राजा, अपुऱ्या राहिलेल्या इमारती, सगळं त्या परक्या माणसानं मायेनं टिपलं. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचलंय? (कुजबुज) रागावू नका, मी देवासच्या बाजूनंच बोलतोय. या महाराजांनीही संस्थान सोडलं, पण कारण निराळं. संस्थान कर्जात बुडालेलं, वर इंग्रज सरकारचा तगादा. ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. दोघे तिसरे तुकोजीराव, एकानं गादी सोडली, दुसऱ्यानं राजधानी. म्हणून एकाचा डाग दुसऱ्याला लागतो. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या आळसानं होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं मागितली तर पाच मिळतील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ही नावं एवढी पुन्हा पुन्हा का येतात? आजोबाचं नाव नातवाला देण्याची रीत आहेच, पण माझ्या मते मोठं कारण दत्तकाचं. दुसरे तुकोजीराव होळकर दत्तक, देवासचे तिसरेही दत्तक. बाहेरच्या घरातला मुलगा गादीवर बसवायचा, तर मूळपुरुषाचं नाव देऊन वंश अखंड असल्याचं जगाला सांगायचं. देवासच्या याच तुकोजीरावांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. म्हणजे नाव गादीचं असतं, माणूस त्याच्या आत असतो. तो शोधायचा तर नुसतं नाव पुरत नाही.

म्हणून इथल्या शिक्षकांना, स्मरणिका काढणाऱ्यांना आणि चौकात पाट्या लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो. तुकोजीराव लिहिलंत की गादी लिहा, कारकीर्दीची वर्षं लिहा, आणि दत्तक असतील तर जन्मनावही लिहा. नुसता ‘तुकोजीराव’ यापुढे कुठेही छापू नका.