तीन कोसांची वाट
(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळावा नाताळच्या आठवड्यात येतोय, तेव्हा ‘तू दहा मिनिटं येशूजन्मावर बोल’ असं संयोजकांनी मला सांगितलं. मी हो म्हटलं. मग तयारीच्या बैठकीत चहा पिता पिता आपल्यातल्याच एकाने मला सरळ विचारलं, “तू आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केलीस. कुमारीच्या पोटी मूल, आकाशात तारा, गाणारे देवदूत, हे सगळं तू खरोखर मानतेस?” प्रश्न खोचक नव्हता, मनापासूनचा होता. त्या दिवशी मी “सांगते मेळाव्यात” म्हणून वेळ मारून नेली. आज सांगते.

मानते. आणि डोळे मिटून मानत नाही. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेही नाही, हे मला माहीत आहे. रोममध्ये या दिवशी सण पाळत असल्याची जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे. हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असं इतिहासकार सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे त्याच्या कारकिर्दीत जन्मलेल्या येशूच्या नावाने चालणारी कालगणनाच काही वर्षांनी चुकली आहे! ‘नाताळ’ हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण जे नाटक करायचो, त्यातही बरीच सरमिसळ होती. मत्तयाने सांगितलेल्या गोष्टीत पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पण मेंढपाळ नाहीत. लूकच्या गोष्टीत मेंढपाळ आहेत, पण ज्ञानी लोक नाहीत. ज्ञानी लोक राजे होते असं मत्तय म्हणत नाही, तीन होते असंही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन ठरली. ते आले तेही घरात, गोठ्यात नाही. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनातून या प्रसंगात शिरले. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्याने भरलेली गव्हाण मांडून तिथे उपासना केली, आणि लोकांच्या मनात ते देखावे पक्के बसले. आपल्या नाटकात बैल करायला कुणी तयार नव्हतं. शेवटी बाईंनी गोधडी पांघरून दोघांना उभं केलं आणि त्यांनी मधूनमधून हंबरायचं ठरलं. ते दोघे आज इथे आहेत. नावं घेत नाही.

आता ज्या भागापाशी मी नेहमी थांबते, तो सांगते. ज्ञानी लोक यरुशलेमात येऊन विचारतात, की नवा राजा कुठे जन्मला, आम्ही त्याला नमन करायला आलो आहोत. हेरोद घाबरतो. तो मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री पटकन सांगतात: यहूदीयातलं बेथलेहेम. मीखा संदेष्ट्याचा आधारही देतात. उत्तर अगदी बरोबर, परीक्षेत पैकीच्या पैकी. यरुशलेमपासून बेथलेहेम साधारण नऊ किलोमीटर, म्हणजे आपले तीन कोस. आपल्यातली निम्मी पोरं पावसाळ्यात चिखल तुडवत जवळपास तेवढं चालून शाळेत यायची. त्या शास्त्र्यांपैकी कुणी एक तरी उठून तिकडे गेला, असं मत्तय सांगत नाही. गेले ते परके लोक. त्यांच्याजवळ शास्त्र नव्हतं, एक तारा होता आणि अर्धवट माहिती होती. तेवढ्यावर ते निघाले होते. तिथे पोचल्यावर पाया पडले आणि सोनं, ऊद, गंधरस पुढे ठेवला.

‘नमन’ हा शब्द त्या गोष्टीत हेरोदाच्या तोंडीही आहे, हे विसरू नका. बाळ सापडलं की मला कळवा, मीही नमन करायला येईन, असं तो म्हणतो. म्हणजे शास्त्र माहीत असून माणूस घरी बसू शकतो आणि भक्तीची भाषा बोलून तलवार परजू शकतो. दोन्ही प्रकार आमच्या मंडळ्यांतही आहेत. तुमच्याकडेही असावेत.

मला स्वतःला जवळचे वाटतात ते मेंढपाळ. कारण आपल्या नगर जिल्ह्यात ते कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सुगी झाली की धनगरांचे वाडे शेतात येऊन बसतात, खतासाठी शेतकरीच त्यांना बोलावतात. रात्री वाघर लावून मेंढ्या आत, बाहेर कुत्री, आणि थंडीत घोंगडं पांघरून अर्धवट जागी असलेली माणसं. लूकने सांगितलेली रात्र तशीच आहे. देवदूत त्यांना जी खूण सांगतो, ती ऐकून मात्र मी दर वर्षी चकित होते. बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं मूल. बस. बाळंतं म्हणजे काय ते या सभागृहातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा. मी स्वतः किती बाळं त्यात गुंडाळली, त्याचा हिशेब नाही. राजाची खूण म्हणून हे सांगावं? पण विचार करा, मेंढपाळाला मुकुट दाखवला असता तर तो वेशीवरूनच परत गेला असता. गव्हाण म्हटल्यावर त्याला आपण आत जाऊ शकतो असं वाटलं. बेथलेहेमातल्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार आजही जेमतेम चार फूट उंच आहे. घोडे-गाडे आत घुसू नयेत म्हणून ते लहान केलं, असं सांगतात. कुणीही आला तरी वाकूनच आत जावं लागतं.

ही गोष्ट आपल्या भाषेला नवी नाही, हेही इथे सांगायला हवं. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं आणि ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! तुकाराममहाराज तेव्हा लहान होते. पुढे आपल्या नगरमध्ये नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. आमच्या मंडळीत टाळ-मृदंगावर कीर्तन होतं आणि कीर्तनकार पूर्वरंगात-उत्तररंगात येशूजन्म लावतो. माझ्या कानाला भक्ती म्हणजे टाळांचा आवाज. तुमच्याही कानाला तोच. त्यामुळे मी कुठल्या परक्या गोष्टीबद्दल बोलतेय असं मला वाटत नाही.

पण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरं झालेलं नाही.

१९८८ च्या नोव्हेंबरात आमचा पहिला मुलगा जन्मला आणि नऊ दिवसांनी गेला. तुमच्यातल्या मोजक्याच जणांना हे माहीत आहे. वैद्यकीय कारण होतं, ते मला परिचारिका म्हणून समजत होतं. समजण्याने काही हलकं झालं नाही. पुढच्याच महिन्यात नाताळ. चर्चमध्ये गव्हाण मांडलेली, त्यात बाहुलीचं बाळ, आणि सगळे उभे राहून आनंदाची गाणी म्हणणार. मी घरात सांगितलं, मी येणार नाही.

माझ्या सासूबाई नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भजनं आणि शुभवर्तमानाचे भाग तोंडपाठ. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “तू गाऊ नको बाई. नुसती येऊन बस. मेंढपाळ तरी जाताना कुठं गात गेले? गायले ते देवदूत. हे आधी गेले, बघितलं, आन् मग माघारी येताना त्यांनी स्तुती केली.”

मी नंतर लूकचा दुसरा अध्याय काढून पाहिला. म्हातारीचं बरोबर होतं. मेंढपाळ लगबगीने जातात, बाळ पाहतात, सांगायचं ते सांगतात, आणि स्तुती करतात ती परत फिरताना.

मी गेले. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसले. गायले नाही. त्या वर्षी आमच्या पाळकांनी २८ डिसेंबरलाही छोटी उपासना ठेवली होती. हेरोदाने बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारली, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. नाटकात आपण हा भाग कधीच दाखवला नाही, आणि शाळेच्या नाटकात तो नसावा हे ठीकच. पण मत्तयाने तो गाळलेला नाही. त्या गोष्टीत सांत्वन नाकारणाऱ्या आयांचा आक्रोश आहे आणि त्याला कुणी गप्प केलेलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या गोष्टीत मलाही जागा आहे. माझा मुलगा का गेला, याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही, आजही नाही. पण ज्या देवापुढे मी बसले होते तो बाळ होऊन, बाळंत्यात गुंडाळून घेऊन, मरणाच्या टप्प्यात आला होता, हे मी मानते. तारा कसा होता, यावर वाद घालायला मी तयार आहे. यावर नाही.

गाणं परतीच्या वाटेवरचं असतं, आणि मला त्या वाटेला तीन नाताळ लागले. चौथ्या वर्षी दुसऱ्या कडव्यापासून गायला सुरुवात केली. शेजारी सासूबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त आवाज थोडा वाढवला.

आणखी एक. मेंढपाळ परत गेले ते मेंढ्यांकडेच. माझ्या नोकरीत वीस-बावीस वर्षं एक मैत्रीण माझी नाताळची रात्रपाळी करायची आणि मी तिची लक्ष्मीपूजनाची. कागदावर कधी करार झाला नाही. मध्यरात्रीची उपासना संपवून पहाटे मी करंज्यांचा डबा घेऊन वॉर्डात जायची, तेव्हा ती एखाद्या नवजात बाळाला बाळंत्यात बांधत असायची. माझ्या उपासनेतला तिचा वाटा मी तिला कधी नीट सांगितला नव्हता. ती आपल्या बॅचची नाही, पण स्मरणिका तिच्या घरी पोचवणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवते.

आपण आता साठी ओलांडलेली माणसं. लूकच्या गोष्टीत आपल्यासाठीही दोघं आहेत. मंदिरात बाळाला हातांवर घेणारा शिमोन, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा आकडा जिच्या नावापुढे लिहिलाय ती विधवा हन्ना. नाटकात त्यांना आपण घेतलं नव्हतं, कारण म्हातारं व्हायला तेव्हा कुणी तयार नव्हतं.

पंचवीस तारखेला सकाळी नऊ वाजता आमच्या चर्चमध्ये उपासना आहे. कीर्तन आहे, मृदंग आहे. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. गायलं नाही तरी चालेल, मागच्या बाकावर जागा असते. नंतर सगळ्यांनी आमच्या घरी यायचं. करंज्या ओल्या नारळाच्या आहेत, आणि सर, तुमच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवते.